सामायिक विहीर

आमच्या बँकेत अस्सल आणि नक्कल यांतला फरक ओळखायला अक्कल लागत नाही, रबरी शिक्का लागतो. पीककर्जाच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी सातबाऱ्याची नक्कल आणतो. तिच्यावर माझा चहा सांडला तरी त्याच्या कपाशीचं एक बोंडही भिजत नाही. पण तलाठ्याच्या दप्तरी बोजा चढला, की नक्कल घरच्या ट्रंकेत असो वा नसो, जमीन अडकली ती अडकलीच.

एवढं तत्त्वज्ञान मला पुरत होतं. मग पुतण्या वेब प्रोग्रामिंग शिकू लागला.

"मोठेबाबा, जावास्क्रिप्टमध्ये साधा आकडा दिला, की नक्कल जाते. ऑब्जेक्ट दिलं, की पत्ता जातो."

"म्हणजे?"

"तुम्ही मला घराच्या पत्त्याची चिठ्ठी दिली. मी तिच्यावरचा पत्ता खोडून दुसरा लिहिला, तर तुमचं घर जागेवरच. पण त्या पत्त्यावर जाऊन भिंत हिरवी रंगवली, तर तुमचीच भिंत हिरवी होणार."

"मग नक्कलच द्यावी," मी कारकुनी सावधपणाने म्हटलं.

"वरवरची केली, तर आतले पत्ते तेच राहतात. बाहेरून वस्तू दोन, आतलं सामान एकच."

इथे मी दचकलो. हे मला कॉम्प्युटरशिवाय ठाऊक होतं! वडिलांच्या मागे आम्हा भावांची वाटणी झाली. फेरफार झाला, सातबारे दोन झाले. चुली तर आधीच दोन होत्या. विहीर मात्र एक, दोन्ही उताऱ्यांवर सामायिक. गेल्या उन्हाळ्यात धाकट्याने मोठी मोटर बसवली. त्याचा भुईमूग हिरवागार, आणि माझ्या पाइपातून नुसती हवा. भांडायला गेलो, तर म्हणतो, "दादा, इहीर जशी तुमची, तशी माहीबी हाय."

कायद्याने बरोबरच. त्याने माझं काही चोरलं नव्हतं, स्वतःचंच पाणी उपसलं होतं. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. (त्याच्या आदल्या वर्षी गव्हासाठी मी रात्र-रात्र मोटर चालवली होती. तेव्हा हा प्रश्न मला इतका तात्त्विक वाटला नव्हता.)

"मग पुरती नक्कल म्हणजे काय रे? दुसरी विहीर खणायची?"

"खणा ना. पण खालचं पाणी एकच आहे, मोठेबाबा."

मी चष्मा पुसला. मग म्हटलं, "तुझ्या बापाला विचार, मोटर किती वाजता लावतो."