नाव एकाचं, ओळख अनेकांची

शास्त्रात एका वनस्पतीचं मान्य नाव एकच असतं. डेटाबेसवर काम करणाऱ्या मला ही व्यवस्था लगेच पटते: एक गोष्ट, एक की. पण ती नोंद करण्याचा मान कुणाचा?

इंडोनेशियातलं अंबोन बेट घ्या. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या रम्फियसनं या भागातल्या सुमारे १२०० वनस्पतींची वर्णनं लिहिली. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात पत्नी सुझाना आणि एक मुलगी गेली. १६८७ च्या आगीत चित्रं जळाली. तरी काम थांबलं नाही. तो सांगायचा, लेखनिक लिहायचे, चित्रं दुसरे काढायचे, माहिती बेटावरची माणसं पुरवायची. म्हणजे इतकी वर्षं झाडं पाहत होते दुसऱ्यांचे डोळे. पुस्तकावर नाव मात्र एकाचंच.

ते पुस्तक १७४१ पासून छापलं गेलं, तेव्हा त्याला जाऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. पुढे नियम ठरला: वनस्पतींची अधिकृत नावं लिनिअसच्या १७५३ च्या ग्रंथापासून धरायची. रम्फियसची नावं नियमाबाहेर गेली. एक पांढरं ऑर्किड त्याला सुझानानं दाखवलं होतं, म्हणून त्यानं त्याला तिचं नाव दिलं होतं. ते लिनिअसनं उचललं, आणि आजही त्या फुलाच्या शास्त्रीय नावात सुझाना आहे. बेटावरच्या बाकी सोबत्यांना असा लिनिअस भेटला नाही.

मग जुनी नावं काढून स्थानिक नावं द्यावीत का? मला तसं वाटत नाही. एकाच झाडाला शेजारच्या दोन बेटांवर दोन नावं असतात. एक निवडलं की दुसऱ्यावर अन्याय. शिवाय की बदलली की तिच्यावर टेकलेल्या जुन्या नोंदी तुटतात.

पण नोंदीत की हा एकच रकाना नसतो. रम्फियस मलय आणि स्थानिक नावं लिहायचा, कोणतं झाड कशासाठी वापरतात तेही लिहायचा. २०२० मध्ये ९९ तज्ज्ञांनी न्यू गिनी बेटाच्या यादीत १३,६३४ वनस्पती मोजल्या. एवढ्या झाडांना पत्ता मिळाला, हे मोठंच काम आहे. पण पत्ता म्हणजे ओळख नव्हे. त्या झाडांसोबत राहणाऱ्यांना काय ठाऊक आहे, हा रकाना रिकामा राहिला, तर त्याचा दोष १७५३ च्या नियमाला देता येणार नाही. तो भरायला कुठलाही नियम आड येत नाही.

फोनवरचं ॲप पानाच्या फोटोवरून लॅटिन नाव सांगतं. ते बरोबरही असेल. तरी शेजारी उभ्या माणसाला विचारावं, तुम्ही याला काय म्हणता?