कूटरचना आणि वाचकाची संमती

सी या संगणकभाषेत आज्ञांचा क्रम बुद्धिपुरस्सर दुर्बोध करणे हा बुद्धीचा निर्दोष विलास, की अधर्म, या प्रश्नाचा निर्णय यंत्राच्या दरबारी लागणार नाही. कारण यंत्राला प्रत्येक हुकूम सारखाच स्पष्ट असतो, गोंधळतो तो केवळ माणूस, आणि म्हणूनच दुर्बोधता हा लेखक व वाचक यांच्यामधला नैतिक व्यवहार ठरतो.

१९८३ च्या नोव्हेंबरात लुकासफिल्म या संस्थेत टॉम डफ यांनी चलच्चित्रांचा एक प्रोग्रॅम वेगवान करण्यासाठी योजिलेली रचना पाहावी. तीत ‘स्विच’च्या ‘केस’ ‘डू-व्हाइल’ लूपच्या पोटातच विखुरलेल्या आहेत. आठ-आठच्या गटांनी मजकुराची नक्कल करताना जी बाकी उरते तिच्या मानाने नियंत्रण प्रथम लूपच्या मध्यभागी उडी घेते आणि नंतरच्या फेऱ्या पूर्ण आठांच्या होतात. रचना विलक्षण खरी, परंतु भाषेच्या कायद्यात बसणारी, आणि तिचे प्रयोजन सांगता येण्याजोगे.

पुढच्याच वर्षी लँडन कर्ट नोल व लॅरी बॅसल यांनी दुर्बोध सी-लेखनाची स्पर्धा सुरू केली, आणि तीत ‘मेन’ हे फंक्शन न लिहिता त्या जागी निव्वळ अंकांची मालिका, म्हणजे प्रत्यक्ष यंत्राज्ञाच, मांडणारी एक प्रवेशिका विजयी झाली. येथे फसवणूक कोणाचीच नाही. कोडे आहे हे वाचकास आधीच ठाऊक असते. व्यासांनी कूटश्लोक रचले तेही अर्थ उमगल्याखेरीज लिहू नये ही अट त्यांचा लेखनिक झालेल्या गणपतीने स्वीकारल्यानंतरच, अशी कथा आहे.

डफ यांच्यासारखी रचना एका शब्दाच्याही खुलाशाविना कार्यालयाच्या पगारपत्रकाच्या किंवा रुग्णालयातील उपकरणाच्या प्रोग्रॅममध्ये घातली, की तिचे नैतिक स्वरूप पालटते. कारण लेखक निघून गेल्यावर ज्याच्यावर दुरुस्तीची जबाबदारी पडते, त्याचा वेळ आणि विश्वास त्याच्या संमतीवाचून खर्ची पडतो. वेग हवा होता, हा हेतू प्रामाणिक असला तरी पुरेसा नाही. तो लेखी नोंदवलाही पाहिजे, कारण मनात राहिलेला सद्हेतू उत्तराधिकाऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

संगणक हा न समजता लिहिलेले पाळणारा लेखनिक आहे. गणपतीने पत्करलेली अट तो पत्करू शकत नाही. म्हणून ती लिहिणाऱ्यानेच स्वतःवर घालून घ्यावी, आणि दुसऱ्यास समजावून देण्याची आपली तयारी नाही असे काहीही संगणकाच्या हाती सोपवू नये.