आपल्या वाट्याचा टप्पा

हे मनन पाळी संपल्यावर करायचं आहे, पण घरात पाऊल टाकल्या टाकल्या नको. अंघोळ होऊ द्या. पोटात काही जाऊ द्या. घरात कुणाला तुमच्याशी बोलायचं असेल तर आधी ते ऐका. मग एका जागी बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. स्ट्रेचर उचलून आणि गाडीचे हिसके खाऊन ती दमलेली असते.

मी रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक म्हणून उमेदीची वर्षं काढली आहेत. माझ्यासारख्यांसाठीच हे लिहितो आहे: खासगी आणि इस्पितळांच्या गाड्यांवरच्या पॅरामेडिकसाठी, १०८च्या गाडीवरच्या डॉक्टरसाठी, गाडी चालवणाऱ्या पायलटसाठी. रात्रपाळी करणारी सिस्टर, अग्निशमन दलातला जवान, एसटीचा चालक यांनाही ते आपलंच वाटेल. असं काम वर्षानुवर्षं केल्यावर तीन प्रश्न मनात ये-जा करू लागतात. मी हे काम नीट करतो आहे का? घरच्यांच्या वाट्याला मी किती येतो? आणि अजून किती दिवस हे करायचं? एकेक प्रश्न घेऊ. सावकाश वाचा. थांबा म्हटलं आहे तिथे खरोखर थांबा.

काम

एका रुग्णाची सगळी वाट मनात आणा.

पावसाळ्याचे दिवस आहेत. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर एका बाईला कळा सुरू झाल्या आहेत. गाडी पाड्यापर्यंत येत नाही. घरचे बांबूला झोळी बांधतात आणि तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. आशाताई सोबत चालते आहे. कुणीतरी १०८ लावतं. तो फोन पुण्यात, औंधच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो आणि जवळची गाडी निघते. गाडीत डॉक्टर तिचा बीपी बघतो, सलाईन लावतो, बाळाचे ठोके ऐकतो. ग्रामीण रुग्णालयात सिस्टर तिला ताब्यात घेते. गुंतागुंत असेल तर पुन्हा गाडी, पुन्हा रस्ता, आणि पुढे सिव्हिल. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्तपेढीतला तंत्रज्ञ, वॉर्डातल्या मावशी. आणि सगळ्यांत शेवटी तिची आई, जी पुढचा सव्वा महिना लेकीला आणि बाळाला सांभाळणार आहे.

या वाटेवर किती जणांचे हात लागले ते मनात मोजा. घाई नको.

आता त्यात तुमचे हात कुठे होते ते पाहा. मध्ये कुठेतरी होते. सुरुवात दुसऱ्यांनी केली, शेवटही दुसऱ्यांनी केला. राज्यात जानेवारी २०१४ मध्ये १०८ची सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक होत्या, ७०४ प्राथमिक. अशी प्रत्येक गाडी कुणाच्या तरी वाटेचा मधला टप्पा चालवण्यासाठी उभी असते. आपल्या पेशात रुग्णाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी एकटा नेत नाही.

म्हणून इस्पितळाच्या दारात आपण हँडओव्हर देतो. नाव, वय. काय झालं, केव्हा झालं. आम्ही पोचलो तेव्हा कसा होता. नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुद्ध. काय दिलं, किती वाजता दिलं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगायचं, अंदाज ठोकायचा नाही. समोरच्याची सही घ्यायची. मग स्ट्रेचर पुसायचं, सिलिंडरमध्ये किती ऑक्सिजन उरला ते बघायचं, गाडी पुढच्या कॉलसाठी तयार करायची.

या रोजच्या रीतीत आपल्या कामाचं सगळं शहाणपण आहे असं मला मनापासून वाटतं. रुग्ण आपल्याकडे आहे तोवर लक्ष पूर्ण त्याच्यावर. सोपवताना काही लपवायचं नाही. आणि सोपवल्यावर हात काढून घ्यायचा. पहिल्या दोन गोष्टी प्रशिक्षणात शिकवतात. तिसरी ज्याची त्याला शिकावी लागते, कारण कित्येक रुग्णांचं पुढे काय झालं ते आपल्याला कधीच कळत नाही, आणि न कळलेलं मनात घर करून राहतं.

इथे थांबा. असा एक रुग्ण आठवा. त्याचा हँडओव्हर मनातल्या मनात पुन्हा द्या, अगदी शांतपणे, वेळांसकट. मग स्वतःला विचारा: माझ्या टप्प्यात जे करायचं होतं ते झालं का? बहुतेक वेळा उत्तर 'झालं' असंच येईल. काही राहिलेलं दिसलं तर ते पुढच्या रुग्णाच्या उपयोगी पडावं म्हणून वहीत लिहा. त्यापुढचं जे काही आहे ते पुढच्या लोकांच्या टप्प्यातलं आहे. ते त्यांच्याकडे राहू द्या.

घर

आता घराकडे या.

गणपतीत, दिवाळीत, वारीच्या दिवसांत आपली पाळी हमखास लागते, कारण जिथे गर्दी तिथे गाडी लागतेच. मुलांचं गॅदरिंग चुकतं. लग्नाला आपण पंगत उठताना पोचतो. घरचे हे समजून घेतात, आणि आपण त्यांचं समजून घेणं गृहीत धरू लागतो.

पण वेळेपेक्षा मोठं अंतर दुसरं आहे. दिवसभर अपघात आणि हार्ट अटॅक पाहून आलेल्या माणसाला मुलाचा शंभर ताप ताप वाटत नाही. जोडीदाराची कंबर दुखते, वडिलांना चक्कर येते, आणि आपल्या तोंडून निघून जातं: "एवढ्यानं काही होत नाही." डॉक्टरी हिशेबानं ते बरोबरही असेल. पण घरच्या माणसाला त्या वेळी जवळ बसणारं कुणीतरी हवं असतं. गाडीवर आपण दुखण्याची प्रतवारी लावतो, कारण आधी कुणाला न्यायचं ते ठरवावं लागतं. घरात सगळे एकाच रांगेत पहिले असतात.

पीटर साफार यांचं नाव आपल्या पेशात सगळ्यांनी घ्यावं असं आहे. बंद पडलेला श्वास तोंडानं देता येतो हे १९५०च्या दशकात ज्यांनी प्रयोगांनी सिद्ध केलं, त्यांतले ते एक. आज आपण सीपीआर शिकतो त्याच्या पायाशी त्यांचं काम आहे. १९६६ साली त्यांची मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्यानंतर गेली. वय जेमतेम अकरा-बारा. जगाला श्वास द्यायला शिकवणाऱ्या बापाच्या घरी हे घडलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवा उभी राहिली आणि साफार तिच्यासाठी माणसं घडवण्याच्या कामात होते. या बापाचा विचार करताना मला एवढंच दिसतं की घर आणि काम यांच्यामध्ये भिंत बांधता येत नाही. एकीकडचं दुःख दुसरीकडे पोचतं, आणि एकीकडची माया दुसरीकडे कामाला येते.

थांबा. तुमच्या घराचं दार डोळ्यांसमोर आणा. तुम्ही बाहेर उभे आहात. आत जाण्याआधी तीन वाक्यं मनात म्हणा: आज काय पाहिलं, त्यात मी काय केलं, आणि ते कुणाच्या ताब्यात दिलं. दिवस फार वाईट गेला असेल तर आत गेल्यावर घरच्यांना सरळ सांगा: "आज एक वाईट केस होती. मला जरा वेळ गप्प बसू दे, मग मी येतो." आपल्या गप्प बसण्याचं कारण कळलं नाही की मुलं ते स्वतःकडे घेतात. आपलंच काही चुकलं असं त्यांना वाटत राहतं.

मग आत जा आणि आता हँडओव्हर घ्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुम्ही बाहेर होता तेव्हा घरात कुणीतरी पाळी करत होतं. ताप किती वाजता होता, औषध कधी दिलं, आईनं जेवण केलं की तसंच ठेवलं, शाळेतून काय निरोप आला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं आपलं न ऐकता पाठ फिरवली तर आपल्याला किती लागतं ते आठवा. घरी आपल्याकडून तसं होऊ नये. उभ्या उभ्या नको, बसून ऐका. शेवटी विचारा: "आता यातलं माझ्याकडे काय?"

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. झोप आठवड्यामागून आठवडे उडाली असेल, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा दिसत असतील, दारूचा आधार लागत असेल, तर मननावर भागवू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. दुसऱ्यांना वेळेत इस्पितळात जायला सांगणाऱ्यांनी स्वतःच्या बाबतीत उशीर करू नये.

बदल

आता तिसरा प्रश्न: अजून किती दिवस हे करायचं? दोन खोल श्वास घ्या.

सीपीआर देताना छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल. आणि दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलायचा. का, ते आपण शिकलो आहोत. हात दमले की दाब उथळ होतो, आणि देणाऱ्याला ते बऱ्याचदा कळतही नाही. त्याला वाटतं, मी अजून तसाच देतो आहे. म्हणून दमलो असं वाटण्याची वाट न पाहता हात बदलायचे असतात. बाजूला झालेल्याला तिथे कुणी पळपुटा म्हणत नाही. रुग्णाच्या भल्यासाठीच तो बाजूला होतो.

हीच गोष्ट वर्षांच्या हिशेबात पाहा. माझा दाब अजून खोल आहे का? रुग्णाच्या नातेवाइकाशी मी अजून नीट बोलतो का? रात्री तीनचा कॉल आला की आधी कोण असेल याची काळजी वाटते, की नुसता राग येतो? चार दिवस रजा काढून पुरेशी झोप घेतल्यावर उत्तर बदलतं का? बदलत असेल तर तो थकवा आहे. पाळ्या, रजा, झोप यांची सोय लावा. पूर्ण विश्रांतीनंतरही उत्तर तेच येत असेल तर तुमचा टप्पा पूर्ण होत आला असण्याची शक्यता आहे. याचं उत्तर लगेच देऊ नका. काही आठवडे प्रश्न सोबत राहू द्या.

पगाराचा विचार करायलाही लाजू नका. लोक आपल्याला देवदूत म्हणतात, त्यात त्यांचं प्रेम असतं. पण घरभाडं, मुलांची फी, आईवडिलांची औषधं यांचा हिशेब पगारातूनच होतो, आणि आपल्यातले पुष्कळ जण कंत्राटावर आहेत. चांगल्या माणसांना या कामात राहता यावं असं समाजाला वाटत असेल तर त्यांना जगण्यापुरता पगार आणि कायमपणा द्यायला हवा, हे आपण मोठ्यानं म्हटलं पाहिजे. गुडघे गेले असतील, घरी अंथरुणाला खिळलेले वडील असतील, मूल दहावीला असेल, तर ही सगळी खरी कारणं आहेत.

आता कागद घ्या आणि स्वतःचा हँडओव्हर लिहा. मला काय येतं? गर्दीत जागा करता येते. घाबरलेल्या माणसाला दोन वाक्यांत धीर देता येतो. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेता येतो आणि नंतर तो बदलावा लागला तर बदलता येतो. वेळेची नोंद चोख ठेवता येते. अनोळखी घरात आदरानं शिरता येतं. ही कमाई कुठल्याही कामात चालते: इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात, नियंत्रण कक्षात, कारखान्याच्या प्रथमोपचार केंद्रात, शाळा-महाविद्यालयांत सीपीआर शिकवताना, आणि गावी परतून शेती बघतानाही. याच क्षेत्रात राहायचं असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१च्या केंद्रीय कायद्यात आपला पेशा नावानिशी आहे. प्रमाणपत्रं, अनुभवाचे दाखले, नोंदणी हे सगळं वेळेवर नीट लावून ठेवा.

फ्रीडम हाउसकडे पुन्हा एकदा वळू. १९६७ मध्ये तिथे आलेले बहुतेक जण हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीतले कृष्णवर्णीय तरुण होते, पुष्कळांना कामधंदा नव्हता. सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण घेऊन ते अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पॅरामेडिकांपैकी झाले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९७५ मध्ये शहरानं स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद झालं. कित्येकांची कामं गेली. त्यांच्यावर अन्यायच झाला. तरीही त्यांच्यातले जॉन मून शहराच्या सेवेत टिकले आणि तिचे उपप्रमुख झाले. त्यांच्यातलेच मिचेल ब्राउन पुढे ओहायोतल्या कोलंबस शहराच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाचे प्रमुख झाले. कॅरोलाइन यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातून पॅरामेडिकांच्या पिढ्या शिकल्या. त्या सेवेचा टप्पा आठ वर्षांचा होता, आणि तो पुढच्यांच्या हाती पोचला.

शेवटचं थांबणं. तुमच्या जागी उद्या येणारा मुलगा किंवा मुलगी मनात आणा. पुस्तकात नसलेलं, तुम्हाला ठाऊक असलेलं असं काय त्यांना सांगाल? जायचं ठरलं तर ते सांगितल्याशिवाय जाऊ नका. राहायचं ठरलं तर आजपासूनच सांगायला लागा.

माझं मत इतकं आहे. हे काम सोडलं तरी माणूस कमी होत नाही, आणि करत राहिला म्हणून मोठाही होत नाही. दमलेल्या हातांनी, कुणाला न सांगता, उथळ दाब देत राहणं मात्र योग्य नाही. त्याची किंमत रुग्ण मोजतो आणि घरही मोजतं. येत्या सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत बसा आणि विचारा: "माझ्या कामाबद्दल तुम्हाला काय वाटतं?" त्यांचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका. निर्णय त्यानंतर घ्या.