आधी थांबता यावे

घराच्या मागील पडवीत दहा-पंधरा वर्षे उभी असलेली जुनी जीपगाडी पुन्हा चालू करावयाची झाल्यास प्रथम कशास हात घालावा, हा प्रश्न सकृद्दर्शनी मिस्त्रीचा वाटतो. हत्यारांची पेटी उघडावी आणि कामास लागावे, इतकेच त्याचे उत्तर असावे, असे कोणीही म्हणेल. परंतु माणूस ज्या क्रमाने हे काम करतो, त्या क्रमात त्याच्या मनातील कर्तव्यांची उतरंड उघडी पडते असे आम्हांस वाटते. आणि म्हणूनच आम्ही हा प्रश्न नीतीच्या प्रांतात ओढीत आहोत. सुज्ञ वाचकांनी या अतिक्रमणाची क्षमा करावी.

जीप हे वाहन जन्माने लष्करी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. 1947 साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-3बी ही जीप आपल्याकडे कित्येक दशके तयार होत राहिली. बेळगाव-खानापूरकडे काय किंवा फोंडा-सावंतवाडीकडे काय, एखाद्या जुन्या घराच्या आवारात अशी गाडी आढळली तर नवल नाही. तिने भाताची पोती वाहिली, नारळ वाहिले, पावसाच्या रात्री आजाऱ्यास दवाखान्यात पोचविले. चालविणारा गेला, गाडी उभी राहिली. अशा गाडीविषयी घरच्यांना जो जिव्हाळा वाटतो, त्यास केवळ मोह म्हणून हिणविणे आमच्याने होणार नाही.

मात्र पुनरुज्जीवनास आरंभ झाला, की सर्वांचे कान एकाच गोष्टीकडे लागतात. इंजिन केव्हा बोलू लागेल? जाणता मिस्त्री येथे घाई करीत नाही. टाकीतील जुन्या पेट्रोलचा हलका अंश उडून गेलेला असतो आणि उरलेल्याचा चिकट राप कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसलेला असतो. म्हणून कार्ब्युरेटर धुऊन घेतल्यावर तो बाजूस टांगलेल्या लहान डब्यातून ताजे पेट्रोल देतो. गंजलेल्या टाकीचा विचार मागाहून. चारही प्लग काढून सिलिंडरांत थोडेथोडे तेल सोडतो, रिंगा गंजाने भिंतींस धरल्या असतील त्या सुटाव्यात म्हणून एक-दोन दिवस वाट पाहतो, आणि मग पुढून हँडल घालून इंजिन हाताने, सावकाश फिरवून पाहतो. जुने ऑइल काढून नवे भरतो. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत काय, रेडिएटरमध्ये पाणी टिकते काय, हे तपासतो. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट घासून स्वच्छ करतो. बॅटरी नवी लावतो. पडवीची दारे सताड उघडी ठेवतो, कारण बंद जागेत इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कोणतीही सूचना न देता प्राण घेतो. इतके सोपस्कार झाल्यावर एखाद्या संध्याकाळी ते इंजिन खोकते, धूर ओकते आणि अखेर एका लयीत चालू लागते.

त्या क्षणाचा आनंद खरा आहे. मुले टाळ्या पिटतात, घरातील वृद्ध स्त्री हळदकुंकू घेऊन बाहेर येते, नारळ फुटतो. आणि लगेच कोणीतरी म्हणतो, "चला, देवळापर्यंत एक फेरी मारून येऊ." आमचा सारा प्रश्न या एका वाक्यात आहे.

कारण इंजिनास जे झाले तेच ब्रेकलाही झालेले असते. फक्त ते ऐकू येत नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि आपल्याकडील पावसाळ्यात हवेस ओलाव्याची वाण नसते. त्या ओलाव्याने चाकांजवळचे सिलिंडर आतून गंजतात, रबरी कप कडक होतात, नळ्यांना भेगा पडतात. या जुन्या गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरातून निघणाऱ्या एकाच तेलमार्गावर अवलंबून असत. मार्गात कोठेही एक गळती झाली, की चारही चाके एकदम मोकळी. हातब्रेक असतो तो मागच्या प्रोपेलर शाफ्टवर, आणि त्याचे काम मुख्यतः उभ्या गाडीस धरून ठेवण्याचे. टायरांची नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने मरते, झिजण्याची वाट पाहत नाही. सारांश, फेरी मारण्यास निघालेल्या त्या गाडीस चालता येते, थांबता येईलच असे नाही.

आता असे पाहा, की इंजिन बिघडले तर कोणाचे बिघडते? मालकाचे. गाडी चालली नाही तर तो घरी बसेल, त्याचा खर्च वाया जाईल, त्याचे हसे होईल. पण ब्रेक बिघडला तर त्याचे फळ उतारावरून शाळेत जाणाऱ्या मुलास भोगावे लागते, डोक्यावर पाटी घेऊन बाजारास निघालेल्या बाईस भोगावे लागते. त्यांना आपल्या आजोबांच्या स्मृतीशी काही कर्तव्य नाही, आपल्या आनंदात त्यांचा वाटा नाही, आणि त्यांची संमती तर आपण विचारलेलीच नाही. इंजिनाचा आवाज हे आपले सुख होय. ब्रेक हा परक्याचा हक्क होय. आणि सुखाचे काम आधी, हक्काचे काम सवडीने, हा जो क्रम आपण नकळत लावतो, त्यातच अनीतीचे बीज आहे असे आमचे मत आहे.

कायद्याने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा उतरावा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर आहे. परंतु तिऱ्हाइतास होणाऱ्या इजेचा विमा कलम 146 अन्वये सक्तीचा आहे. आपले आपण बुडवावयास मुखत्यार आहोत, दुसऱ्याचे नाही. त्याच कायद्याचे कलम 190 आणखी पुढे जाते. धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक जागी चालविणारा मनुष्य, तो दोष त्यास ठाऊक असला तरच दोषी ठरतो असे नव्हे. साधारण काळजी घेतली असती तर जो दोष कळला असता, त्याबद्दलही तो दोषी ठरतो. या तरतुदीत आम्हांस कायद्यापेक्षा नीतिशास्त्रच अधिक दिसते. "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर तेव्हाच निर्दोष, जेव्हा ठाऊक करून घेण्याचा यत्न झालेला असतो. खाजगी वाहनाची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी होऊन 5-5 वर्षांसाठीच वाढविली जाते, यामागेही हेच तत्त्व आहे.

यावर एक आक्षेप हळव्या मनाचा येतो. ब्रेकचे सिलिंडर बदलले, नळ्या बदलल्या, टायर बदलले, तर मग ती आजोबांची गाडी राहिली कोठे? हा आक्षेप दोन हजार वर्षांचा जुना आहे. पाली भाषेतील मिलिंदपञ्ह या ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदास त्याच्या रथाविषयी हेच विचारतो, की दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? राजास प्रत्येक वेळी "नाही" म्हणावे लागते. रथ हे सुट्या भागांच्या मेळास दिलेले नाव ठरते. आपल्या देवस्थानांच्या इतिहासानेही या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले आहे. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. 1560 च्या सुमारास भक्तांनी देवास तेथून प्रियोळ येथे आणले. भूमी बदलली, भिंती बदलल्या, पुढे जीर्णोद्धार झाले, आणि तरीही देव तोच, अशी आपली श्रद्धा आहे. जीर्णोद्धारात कुजलेली तुळई "मूळची" म्हणून कोणी भाविकांच्या डोक्यावर ठेवीत नाही. मग कुजलेल्या रबरास तेवढे सोवळे कशासाठी? जुना कप काढून फडताळात ठेवावा, हवे तर त्यास हारही घालावा. चाकात मात्र नवा बसवावा.

दुसरा आक्षेप व्यवहारी मनाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. इतका खटाटोप आणि खर्च असेल तर गाडी भंगारात का घालू नये? आमचे उत्तर असे की, अवश्य घालावी. जबाबदारी पेलत नसेल तर निरोप देण्यात अप्रतिष्ठा नाही. अप्रतिष्ठा आहे ती मधल्या अवस्थेत. "वडिलांची आठवण" म्हणून गाडी ठेवावयाची, तिच्याकडे पाहावयाचेही नाही, आणि भाऊ विकू म्हणाला की भांडावयाचे, हा प्रकार आमच्या व्यवसायात आम्ही वारंवार पाहतो. मालक निवर्तल्यावर 30 दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे आणि 3 महिन्यांत नाव बदलून घेण्यासाठी अर्ज करावा, अशी केंद्रीय मोटार वाहन नियमांत तजवीज आहे. पण कितीतरी गाड्या आजही मृतांच्याच नावे उभ्या आहेत. उभी राहिलेली वस्तू जपली जाते हा भ्रम आहे. लोखंड वापराने झिजते, पण न वापराने गंजते, आणि नात्यांचेही बहुधा तसेच असते.

जत्रेतील रथ ज्यांनी ओढला आहे, त्यांस आमचे म्हणणे अधिक विस्ताराने सांगावे लागणार नाही. दोरास शेकडो हात लागतात, घोष होतो, रथ हलतो आणि सर्वांचे डोळे वर कळसाकडे जातात. त्याच वेळी चाकांलगत लाकडी ठोकळे घेऊन वाकून चालणारे चार-दोन जण असतात. वळणावर, उतारावर ते ठोकळा नेमका चाकाखाली सारतात आणि तो अवजड रथ जागच्या जागी थबकतो. त्यांस घोष करावयास सवड नसते, त्यांचे मुख कोणास दिसत नाही. पण ते नसतील तर दोर ओढण्याचा अधिकार कोणासही पोचत नाही, हे जाणते लोक ओळखतात. म्हणून ती माणसे जागेवर आल्यावाचून रथ हलत नाही.

जुनी गाडी असो, बंद पडलेली पाठशाळा असो, की खंड पडलेला एखादा उत्सव असो, जुने पुन्हा चालू करण्याचा उत्साह समाजास भूषणावह आहे. त्या उत्साहाने प्रथम इतकेच विचारावे, की ही वस्तू सुरू झाल्यावर तिच्या वाटेत कोण येणार, आणि वेळ पडल्यास ती कोण व कशी थांबविणार? जीपच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. इंजिनाच्या प्लगला हात लावण्यापूर्वी चारही चाके उतरवावी, ब्रेकची रबरे व नळ्या बदलाव्या, नवे तेल भरून नळ्यांतील हवा काढावी. मग पेडल दाबून मिनिटभर तसेच धरावे. पाय हळूहळू खाली जाऊ लागला, तर कोठेतरी तेल गळते आहे असे समजावे आणि पुन्हा कामास लागावे. पाय घट्ट राहिला, तर पुढचे काम हाती घ्यावे. गाडी सज्ज झाली म्हणजे प्रथम आवारातच, सपाट जमिनीवर, चालण्याच्या वेगाने ती थांबवून पाहावी. कागदपत्रे आणि विमा पुरा करावा. देवळापर्यंतची फेरी त्यानंतर खुशाल मारावी. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाचे देणे तोवर फिटलेले असेल.