नासलं की मुरलं?

डोंबिवलीच्या आमच्या घरात दूध फाटलं की आईचा चेहरा पडतो. "नासलं!" या एका शब्दात तिची अख्खी काटकसर हळहळते. परवा भाच्याने चीजचा तुकडा आणला. त्यातल्या निळ्या बुरशीच्या रेषा बघून आजीने विचारलं, "अरे, हे नासलेलं पैसे देऊन आणलंस?" सोबत नाशिकच्या शेनिन ब्लाँ वाइनची बाटली होती. तिच्याकडे आईने नुसतं पाहिलं.

दूध नासतं, पण विरजण लावलं की त्याचंच दही होतं. पीठ आंबतं, लोणचं मुरतं. पहिल्या शब्दात वाया जाणं आहे, पुढच्यांत वाट पाहणं. आपण लोणच्याला वर्षभर सवड देतो, दुधाला मात्र एका रात्रीपलीकडे नाही. चीज म्हणजे मुरलेलं दूध, वाइन म्हणजे आंबलेला द्राक्षरस, हे आईला सांगून पाहिलं. "मग लोणचंच खा की," ती म्हणाली.

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या खोऱ्यात शेळीच्या दुधाचं चीज आणि तिथलीच सोव्हिन्यों ब्लाँ जोडीने घेतात. एका मातीतल्या दोन वस्तूंचं जमतं, असा त्यामागचा ठोकताळा. खरं कारण आपल्या पानात रोज असतं. गरम वरणभातावर तूप घालून आपण लिंबू का पिळतो? आंबटपणा स्निग्धपणाला कापतो आणि मीठ आंबटाची धार बोथट करतं. व्हाइट वाइन चीजसाठी तेच लिंबाचं काम करते. रेड वाइनचा तुरटपणा पुष्कळदा चीजशी भांडत बसतो.

आपल्या मातीतली जोडी शोधायला फार लांब जावं लागत नाही. नाशिककडून कसारा घाट उतरणारी गाडी आमच्या शेजारच्या कल्याणला येते. मंचर-नारायणगावच्या बाजूने माळशेज उतरणारा रस्ताही कल्याणलाच येतो. मंचरला आज चीजचा मोठा कारखाना आहे, तर नारायणगावला १९८०च्या दशकातच फसफसणारी वाइन बनू लागली होती. नाशिकच्या सुलाची पहिली बाटली आली ती २००० साली. पण कल्याणला वाइनचा वास मुळीच नवा नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याणचं नाव येतं, आणि भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची वाइन अगदी सुरुवातीला. घाटावरच्या नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरं मिळाली आहेत. तेव्हा वाइन समुद्रावरून येऊन घाट चढायची, आता घाट उतरते.

एक घरगुती सूचना. आपल्या उकाड्यात बाटली फ्रीजमधून आयत्या वेळी काढावी, चीज मात्र अर्धा तास आधी. गार चीजला चवच नसते. आणि निळ्या चीजबरोबर किंचित गोडसर शेनिन घ्यावी, कोरडी नको. तिथे खारट-गोडाची गट्टी जमते, कैरीच्या गोड लोणच्यात जमते तशी.

आईने शेवटी नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. डोळे मिटले, उघडले. मग उरलेलं चीज स्वतःच डब्यात भरून झाकण दोनदा दाबलं आणि भाच्याला म्हणाली, "ठेव फ्रीजमध्ये. पण माझ्या विरजणाशेजारी नको."