जुना फोन आणि आपला भाऊ



22 जुलै 2021 रोजी सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. पूर ओसरल्यावर घरांपुढे चिखलाने माखलेल्या सामानाचे ढीग लागले. त्यात फ्रिज होते, टीव्ही होते, मिक्सर होते. पुढे ते ढीग उचलले गेले. ते कुठे गेले, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

वस्तू येते कुठून, हेही आपण विचारत नाही. मोबाइलच्या बॅटरीत बहुधा कोबाल्ट हा धातू असतो. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो देशातून येतो. तेथे लहान मुलेही खाणकामात राबतात, हे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने 2016 साली जगापुढे मांडले. पुढे फोन निकामी झाला, की दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत गरीब माणसे अशा वस्तू हातोडीने फोडतात आणि विषारी धूळ छातीत घेतात. 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला. त्यातील जेमतेम 22 टक्के रीतसर गोळा झाला.

मग फोन घेणे पाप आहे का? नाही. खाणमालकाचा दोष आणि गिऱ्हाइकाचा दोष सारखा नसतो. पण ‘मला काय ठाऊक?’ म्हणून सुटताही येत नाही. देवाने भावाविषयी विचारले, तेव्हा काइनाने असेच हात झटकले होते.

आपल्याला हे समजणे अवघड नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रसायने दूरदेशी जातात. सांडपाण्याचा त्रास मात्र सावित्रीकाठी राहतो. तो माल वापरणाऱ्याने आपला विचार करावा, असे आपल्याला वाटते ना? काँगोतल्या मुलालाही आपल्याविषयी तेच वाटत असेल. लोकांनी आपल्याशी जसे वागावे तसे आपण वागावे, ही प्रभूची आज्ञा दूरच्या माणसालाही लागू आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात वापरा-आणि-फेका वृत्तीविषयी सावध केले. 2023 साली किन्शासाला जाऊन त्यांनी काँगोची लूट थांबवण्याचे आवाहनही केले.

आपण काय करावे? नवे मॉडेल आले म्हणून चालता फोन बदलू नये. बिघडला तर आधी दुरुस्त करावा. अगदीच निकामी झाला तर अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावा. मुलांनी नवा फोन मागितला, तर त्यांना ही हकिकत सांगावी.

हे प्रभो, न दिसणाऱ्या भावाची आठवण आम्हांला दे. आमेन.