आठवण आणि स्तुती

“पाळकसाहेब, ती काही देवदूत नव्हती.” पत्नीच्या स्मरणार्थ भरलेल्या प्रार्थनासभेहून परतताना आमच्या मंडळीतील एक वृद्ध उपदेशक मजजवळ असे बोलले. बेचाळीस वर्षांचा संसार झालेला. “आपण ज्या बाईची स्तुती केली, तिला मी ओळखत नाही. आमच्या घरची माझ्याशी भांडत असे, आणि मला ती भांडणेच आठवतात. हे पाप आहे काय?”

प्रिय बंधुभगिनींनो, सभेत सर्वांहून अधिक स्तुती मीच केली होती. म्हणून मला तत्काळ उत्तर देववेना. मृतांविषयी वाईट बोलू नये हा लोकरिवाज चांगलाच आहे. पण स्तुती म्हणजेच आठवण काय?

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील बीबीचा मकबरा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ साली वारली, तिचे हे थडगे. तेव्हा त्यांच्या विवाहास वीस वर्षे झाली होती. संगमरवर आहे तो खालच्या भागास व घुमटास. मधल्या भिंती आपल्या इकडच्याच काळ्या दगडाच्या असून त्यांवर गुळगुळीत पांढरा गिलावा आहे. इमारत सुंदर खरीच. परंतु ती बाई कशास हसे, कशावर रागावे, हे त्या भिंतींवरून कळत नाही. त्या दिवशी सभेत मीही गिलावाच केला.

आपल्याच ख्रिस्ती समाजात एका विधवेने निराळे स्मारक उभारले, तेही कागदाचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी प्रभूजवळ गेले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत टिळकांचा तापट स्वभाव आहे, न सांगता घरातून निघून जाणे आहे, हाती आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकणे आहे; १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर उभयतांची जी कित्येक वर्षे ताटातूट झाली, तिचे दुःखही आहे. पतीचा उणेपणा सांगताना बाई स्वतःचा वेडेपणा लपवीत नाहीत, व दोहोंस सारख्याच हसतात. मला वाटते, पारख येथेच आहे. जो भांडण आठवून अजूनही ते जिंकू पाहतो, त्याने पश्चात्ताप करावा. पण जो त्यातला आपला वाटाही सांगतो, त्याला भांडणारे माणूस परत हवे असते. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ ह्याच बाईंनी पुढे लिहीत नेले.

शास्त्रानेही सारेवर गिलावा केलेला नाही. ती तंबूच्या दाराआड हसली व भिऊन नाकबूल झाली. हागारेस तिने जाचले. त्याच सारेसाठी अब्राहाम रडला, आणि चारशे शेकेल रुपे मोजून त्याने तिच्याकरिता मकपेलाची गुहा विकत घेतली.

पुढच्या आठवड्यात मी उपदेशकांच्या घरी गेलो व म्हणालो, “एखादे भांडण सांगा.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग सांगू लागले की, एका दुष्काळी वर्षी तिने पेरणीसाठी राखलेली ज्वारी उपाशी शेजारणीस देऊन टाकली. “मी ओरडलो. दोन दिवस ती बोलली नाही. भाकरी मात्र गरमच वाढी. तिसऱ्या दिवशी बी उसने आणावयास मलाच धाडले, साहेब. आणि कोणाकडे? त्याच शेजारणीच्या भावाकडे!” हे सांगताना ते हसले, आणि मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले.